खताच्या खोलीतली लाल गाडी

मालकांच्या गाडीत बसलं की आधी तोंड मिटायचं. चावी फिरली, इंजिन लागलं की मालक समोरच्या तापमानाच्या काट्याकडं बघत बसायचे. तो काटा तळातून उठून मध्यावर येईपर्यंत गाडीत कुणी शब्द काढायचा नाही. शेजारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू असोत, सरपंच असो, नाहीतर दवाखान्यात न्यायचा माणूस असो. आमच्या नांदे गावातून निघालं की लवळ्याच्या फाट्याच्या आसपास काटा जागेवर यायचा. मग मालक मान हलवायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोल."

त्यांच्या मुलाचं, सचिनचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. मुलीचे वडील बोलणी करायला आले होते. परत जाताना मालक त्यांना पिरंगुटला सोडायला निघाले. गाडी हलली तसा त्या गृहस्थांनी विषय काढला, "मग, आमची मुलगी कशी वाटली?" मालक गप्प. "काही कमी-जास्त असेल तर मोकळेपणानं सांगा." मालक गप्प. फाटा आला तसे ते गृहस्थ म्हणाले, "मला इथंच उतरवा, मी रिक्षानं जाईन." तेवढ्यात काटा मध्यावर आला. मालक म्हणाले, "पोरगी पसंत हाय. सकाळीच पसंत हाय. पर इंजान गार हुतं."

उतरतानाचा नियम वेगळा. गाडी थांबली तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. या इंजिनाला हवा कोंबणारा टर्बो असतो, तो तापलेला असताना एकदम बंद केलं तर त्यातलं तेल जळतं. म्हणून दोन मिनिटं तसंच बसायचं. हे खोटं नाही, मी मेकॅनिक आहे, मीही तेच सांगेन. पण ते गाडी जोरात हाणल्यावर. मालक कोंबडीच्या चालीनं वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले तरी दोन मिनिटं बसायचे. कुणाच्या मौतीला गेले तरी दारात गाडी गुरगुरत उभी आणि आत मालक हात जोडून बसलेले. लोक म्हणायचे, "आदी ह्यांची गाडी येतीया, मागनं दोन मिनटांनी माणूस येतुया."

गाडी लाल. बुटकी, चार दारांची, परदेशी कंपनीची, सहा गिअरची. आजूबाजूला ज्यांनी ज्यांनी सोसायट्यांना जमिनी दिल्या, त्यांनी उंच पांढऱ्या गाड्या घेतल्या, ज्यांत चढायला पायरी लागते. मालकांनी ही घेतली, जिच्यात बसायला गुडघे मोडावे लागतात. तरुणपणी ते बैलगाड्याच्या शर्यतीत उतरायचे. मग शर्यतींवर बंदी आली. दावणीची शेवटची जोडी त्यांनी विकली आणि महिनाभर धड जेवले नाहीत, असं काकू सांगायच्या. एक दिवस कुणाला न सांगता पुण्याला गेले. तिथल्या माणसानं गाडी लिटरला किती जाते ते सांगायला सुरुवात केली, तर म्हणाले, "त्ये दुधाच्या म्हशीचं इचारत्यात. ही खुट्यावरनं सुटल्यावर कशी जाती, त्येवढं सांग." पुढं शर्यती परत सुरू झाल्या तर बघायलासुद्धा गेले नाहीत.

पळवायची गाडी घेतली, पण गावातून तिसऱ्या गिअरच्या वर कधी गेले नाहीत. हॉर्न वाजवलेला मी ऐकला नाही. कुणी घाई केली की म्हणायचे, "घाई आसंल त्यानं बशीनं जावं. वेग येगळा आन घाई येगळी." पौड ओलांडलं, रस्ता मोकळा झाला, की मात्र त्यांना कुणी मागं टाकलेलं मी बघितलेलं नव्हतं.

मी हिंगोली जिल्ह्यातला. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. नांदेडात गॅरेजला हात काळे केले, मग पुण्याला आलो आणि सूस रोडच्या एका गॅरेजात लागलो. तिथं एकदा मालक गाडी घेऊन आले. वेग घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. मुख्य मिस्त्रीनं यंत्र लावलं, पडद्यावर काहीच चूक दिसेना. मी लांबून ऐकत होतो. म्हणालो, "हवेच्या पाइपाची पट्टी ढिली असंल." तीच होती. मालकांनी मला जवळ बोलावलं.

"शिक्षान?"

"आठवी."

"म्हनून तुला ऐकू येतंय. ह्यांची सगळी अक्कल पडद्यात गेली."

दुसऱ्या महिन्यात मी नांद्याला आलो. रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं, मागं एक खोली. शेडात माझं गॅरेज, खोलीत मी आणि बायको. भाडं त्यांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, माझा ऐकण्यात घोटाळा झाला असं वाटून. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पहिल्या दिवसापासून 'हिंगोली'. आणि पहिल्याच दिवशी हेही सांगितलं, "हे बघ हिंगोली, मला मेकॅनिक दाराम्होरं पायजे म्हनून ह्यो कारभार. गाडी हाय तवर तू हाय."

ते वाक्य मी रोज रात्री अंथरुणात घोकायचो. गाडी चांगली राहिली पाहिजे, एवढंच माझं आयुष्य होतं. पोरगी झाली तेव्हा बायकोला कळा सुरू झाल्यावर मालकांनीच दवाखान्यात नेलं. काटा वर यायचा होता, म्हणून तिनं पदर दातात धरून एक आवाज काढला नाही. नंतर म्हणायची, "माझ्या मायपुढंबी मी इतकी गप्प राहिले नाही." मालकांनी पुढं त्याच पोरीचं नाव शाळेत घालायला मुख्याध्यापकांकडं स्वतः चक्कर मारली. अशा माणसाचं मी काय केलं, ते आता सांगतो.

पहिल्या पावसाळ्यात गाडी घराच्या बाजूच्या पडवीत असायची. पावसाचा सडाका आत यायचा, चाकं चिखलात. मला झोप लागेना. मी म्हणालो, "मालक, आतल्या खताच्या खोलीत घ्या की." खोली पक्की, फरशी सिमेंटची, लोखंडी शटर, उंदीर शिरायला फट नाही. भिंतीला फळ्यांवर युरिया आणि पोटॅशची पोती रचलेली. मालक खूश झाले. शेतकऱ्याच्या घरात खताची खोली म्हणजे सगळ्यांत जपलेली खोली. माझ्या बापानंही खताची दोन पोती आत ठेवून आपण ओट्यावर झोपून दिवस काढलेत. मला ते बरोबर वाटलं, त्यांनाही बरोबर वाटलं. गाडी आत गेली आणि सहा पावसाळे तिथंच राहिली. मालक रोज सकाळी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं ती पुसायचे. बोनेटमध्ये तोंड दिसायचं.

पंधरा वर्षं भरत आली. पंधरा वर्षांनी गाडी परत पासिंगला न्यावी लागते, नाहीतर काढून टाकावी लागते. सचिनदादाला ती काढायचीच होती. त्याला उंच, ऑटोमॅटिक गाडी हवी होती आणि माझ्या शेडाच्या जागी चार गाळे काढायचे होते. सूसचा एक कॉम्प्युटरवाला पोरगा त्या लाल गाडीसाठी कितीतरी महिने मागं लागला होता. वडिलांना तो दादा म्हणायचा. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "हिंगोली, दादांना सांग गाडी संपली म्हणून. तुझं ऐकतील ते. तुझं काय असंल ते मी बघतो."

काय बघणार, ते बोलला नाही.

आणि मालक जेवताना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हिंगोली सांगंल तसं. त्यो म्हनला ठिवा, तर ठिवली. म्हनला काढा, तर काढली." झालं.

शुक्रवारी मी गाडी वर उचलून खाली गेलो. एरवी मी जायचो तो पुढच्या बाजूला, तेल बदलायला. मागं काळं प्लास्टिकचं आवरण असतं, ते काढायची वेळच आली नव्हती. त्या दिवशी काढलं. मागच्या चाकाचा दांडा जिथं गाडीच्या अंगाला धरलेला असतो, तिथं पत्र्याचा रंग फुगला होता. मी पान्याच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर सहज टेकवला. तो आत गेला. शिळ्या भाकरीत बोट जावं तसा. दुसऱ्या बाजूला टेकवला, तिथंही गेला. हातावर गंजाचा भुगा पडला. जोड मारायला धड पत्रा उरलेला नव्हता. मी त्या भुग्याचा वास घेतला आणि मान वळवून खताच्या खोलीकडं बघितलं. तेव्हा कळलं. पोटॅश म्हणजे मीठच. पावसाळ्यात पोत्यांना पाणी सुटतं, फरशी ओली होते, शटर बंद. सहा वर्षं ती गाडी मिठाच्या वाफेत उभी होती, आणि तिला तिथं मी उभी करायला लावलं होतं.

बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती, हात थांबला.

"आता?"

"खरं सांगितलं तर गाडी जाती. गाडी गेली की शेड."

"पोरगी आत्ता कुठं पहिलीत बसली." ती परत पीठ मळायला लागली. मग म्हणाली, "एक वर्ष निघंल असं काही नाही का करता येत?"

करता येतं. शनिवारी मी ती भोकं लांबीनं बुजवली. लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायचा लगदा, वाळला की दगडासारखा दिसतो, पण जोर लागला की दगड नसतो. वरून काळा रंग मारला. आवरण परत बसवलं. हात धुताना मला माझेच हात बघवेनात. मनाला म्हणालो, मालकांचं वय झालं, आता किती पळवणार, गावातल्या गावात तर फिरतात.

रविवारी सकाळी मालक पांढरे कपडे घालून शेडाच्या दारात.

"चल. ताम्हिणी घाटापातूर जाऊन यू. तितं ती कशी पळतीया ते बघू, मंग सांग ठिवायची का काढायची."

मी म्हणालो, "मालक, रविवार हाय, गर्दी असंल. दुसऱ्या दिवशी जाऊ."

"पासिंगची तारीक तुझ्या बानं वाढवून दिलीया का? बस."

मी बसलो. काटा तळाला होता. बोलायची बंदी होती आणि मला त्या बंदीचा आधार वाटला. लवळ्याचा फाटा आला. काटा मध्यावर.

"हां. आता बोल."

"काही नाही मालक."

पिरंगुटची गर्दी गेली. पौड गेलं. दर गावाला मी ठरवायचो, पुढच्या गावाला सांगू. धरणाचं पाणी झाडांआडून दिसायला लागलं, रस्ता वळायला लागला आणि मालकांनी गाडी मोकळी सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. देवाला उभं राहिल्यावर असतो तसा चेहरा होता. एका वळणावर गाडी उजवीकडं वळली की सगळा भार डावीकडच्या त्या लांबीवर पडत होता, पुढच्या वळणावर उलटा. ते मला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पाठीच्या कण्याला कळत होतं. पुढं एक सरळ पट्टा दिसला. मालकांनी गिअर टाकला. वेगाचा काटा शंभराच्या पुढं गेला.

"मालक, थांबवा."

"कामून?" आमच्याकडचा तो शब्द त्यांना लई आवडायचा, माझी चेष्टा करायला वापरायचे.

"पाया पडतो, थांबवा."

त्यांनी वेग हळूहळू उतरवला, कडेला घेतली. इंजिन चालूच. मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "दोन मिनटं हायेत. सांग."

"मागच्या चाकांचा पाया गेलाय, गंजून. दोन्ही अंगांचा. मी काल त्यात लांबी भरून काळा रंग मारला."

मालक समोर बघत राहिले. "सचिननं शिकवलं व्हय तुला?"

"सचिनदादानं शिकवलं असतं तर गाडी संपली म्हणालो असतो, रंग कशाला मारला असता?"

त्यांनी मान हलवली. "कशानं गेला?"

"खतानं. त्या खोलीतल्या."

"तितं लाव म्हनून कोन म्हनलं हुतं?"

"मी."

इंजिन गुरगुरत होतं. त्यांनी चावी फिरवली, दार उघडलं आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी रस्त्याकडेच्या खडीवर उताणे झोपले. "मोबाइलची बॅटरी लाव हिकडं." मी गुडघ्यावर बसून उजेड धरला, आवरणाची कड ओढली. त्यांनी चावीचं टोक काळ्या रंगावर दाबून ओढलं. लांबीचा तुकडा निघून त्यांच्या गालावर पडला. मग भुगा. ते बघतच राहिले. मागून गाड्या जात होत्या, एकजण हॉर्न वाजवून ओरडून गेला.

बाहेर आले तेव्हा पाठ मातीनं भरली होती. झटकली नाही.

"पोती कुनी ठिवली हुती?"

मी मोबाइलचा उजेड बंद केला.

"बोल की."

"तुम्ही."

"मंग. धा मुलकात कोन गाडी खताशेजारी बांदत न्हाई. आपुन दोगंच." मग माझ्याकडं बघितलं, आणि मला खडीत शिरावंसं वाटलं. "खोलीचं जाऊ दे. रंग कशापायी मारलास?"

"मालक, गाडी गेली की शेड जाईल. पोरगी पहिलीत हाय."

त्यांनी चावीवरचा भुगा पुसला. मी म्हणालो, ओढून न्यायला गाडी बोलावतो. म्हणाले, "दुसऱ्याच्या पाठीवर न्हाई जायाची ती," आणि स्टिअरिंगवर बसले. मला मागं बसायला लावलं नाही, बसनं जा म्हणाले नाहीत. त्यांच्या शेजारी बसून मी परत निघालो.

दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगानं. आधी दुधाचा टेंपो पुढं गेला. मग एसटी. मग लवळ्याच्या हॉस्टेलातल्या वाटाव्यात अशा दोन मुली स्कूटरवरून हसत हसत. पौडजवळ विटांची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आमच्या बरोबरीला आला. चालक ओळखीचा निघाला, वाकून म्हणाला, "काय मालक, आज गाडीला उपास हाय का?" मालकांनी काचेबाहेर हात काढून त्याला वाट दिली. "जा बाबा. जा पुडं." प्रत्येकाला त्यांनी तसाच हात केला, एकालाही चुकवलं नाही. काटा मध्यावर होता आणि सगळ्या वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नांद्यात आल्यावर दारात गाडी थांबली, तशी चावी फिरवून खाली उतरले. दोन मिनिटं बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन एकच शब्द बोलले, "खोल." मी गाडी सुटी करायला लागलो. आठ दिवस लागले. ते समोर स्टूल टाकून बसायचे, मी काढलेला एकेक भाग हातात घेऊन बघायचे आणि खाली ठेवायचे. शेडाचं काही बोलत नव्हते. घरात बायकोनं जास्तीची भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सचिनदादा आला, उरलेल्या लाल अंगाकडं बघून म्हणाला, "दादा, काय केलं हे? सूसचा पोरगा डोळे झाकून नेणार हुता. वरनं चकाचक हुती. खालचं त्याला कशाला सांगायचं?"

"त्यो मेला तर रडनारी त्येची आय आपल्या वळखीची न्हाई म्हनून व्हय?" मालक म्हणाले. सचिनदादा निघून गेला.

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चूक सांगितली म्हणून माणूस सुटत नाही, हे मला आठ दिवसांत कळलं. मी गावाकडं चुलतभावाला फोनही लावून ठेवला होता, काही काम बघ म्हणून.

नवव्या दिवशी सचिनदादाची गाडी शेडासमोर थांबली. पुढं मालक बसलेले. "हिंगोली, हात धू. नवी बघायला जायाचंय."

पुण्यातलं मोठं शोरूम. फरशीत दिवे दिसत होते. मी माझे बूट बाहेर काढावेत का, याच विचारात. टाय लावलेल्या पोरानं उंच पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, "सर, ऑटोमॅटिक आहे, सनरूफ आहे, या, बसून बघा." मालक बसले नाहीत.

"हिंगोली, खाली जा."

तो पोरगा गोंधळला. "सर, खाली म्हणजे... कस्टमरला तसं अलाउड नाही. सगळं इथं स्क्रीनवर दिसतं सर."

"त्यो आठवी शिकलाय. त्येला वरनं दिसत न्हाई. जा रं."

मी त्या आरशासारख्या फरशीवर पाठ टेकली आणि सरकत आत गेलो. मोबाइलचा उजेड लावला. दांडे धरलेल्या जागांवरून अंगठा फिरवला, एकेक बोल्ट दाबून बघितला. सगळं कोरं होतं. बाजूला नुसते पाय दिसत होते. टायवाल्याचे चकचकीत बूट, सचिनदादाचे पांढरे बूट, आणि मालकांच्या भेगाळलेल्या टाचा.

वर कागदाचा आवाज आला. "सर, तोपर्यंत फॉर्म भरून घेऊ. घरी पार्किंग कव्हर्ड आहे का?"

"करणार आहोत," सचिनदादा म्हणाला. "बंगल्याच्या पुढं नवीन शेड..."

"लिव त्यात," मालक म्हणाले. "हिंगोलीच्या शेडात."

"कुठल्या, सर?"

"ह्यो खाली झोपलाय न्हवं, त्येच्या."

पांढरे बूट वळले. "दादा, तिथं आपले गाळे..."

"गाळं दुसरीकडं काढ."

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. खालचं सगळं तपासून झालं होतं. तरी मी आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिलो.